नाना, रेडिएटर आला

नाना, तुम्ही निवडलेला रेडिएटर आला. तुमचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. कुरियरवाल्याने खालून फोन केला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, काकांना पाठवा ना खाली. माझी सगळी पार्सलं तुम्हीच घ्यायचात, त्यामुळे त्याच्या हिशेबी या घरात काकाच राहतात. मी म्हटलं, काका नाहीत. त्याला वाटलं, तुम्ही बाहेर गेलायत. बरं, मग तुम्ही या, म्हणाला.

खोका वर आणला आणि तुमच्या दिवाणावर ठेवला. मग तिथे काही ठेवणं बरं वाटेना, म्हणून उचलून जमिनीवर ठेवला. संध्याकाळी तुमचा पराग आला तेव्हा मी खोक्याशेजारी तशीच बसून होते. त्याने विचारलं, आता कशाला मागवलास?  तुम्ही होतात तेव्हा रेडिएटर कितीतरी आठवडे माझ्या फोनवर निवडून ठेवलेला होता, फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं. ते मी तुम्ही गेल्यावर दाबलं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच आहे. हॉल तोच, टेबल तिथेच. तरी पहिल्यापासून सांगते, कारण मला ते एकदा नीट लावून बघायचंय.

मी घरून काम करते. ज्या इमारती अजून उभ्याच नाहीत त्यांची आतून-बाहेरून चित्रं बनवते, बिल्डर ती जाहिरातीत छापतात. माजिवड्याच्या पुढे जे टॉवर होतायत त्यातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये मी सोफे मांडलेत, पडदे लावलेत, बाल्कनीतून दिसणारी झाडं वाढवलीत. असं एक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर तासन्‌तास राबतो, तापतो, आणि तापला की त्याच्या पोटातले सगळे पंखे एकदम जोरात सुटतात. शेजारच्या खोलीत कोणीतरी मिक्सर लावलाय आणि बंदच करत नाहीये, असा आवाज. डोंबिवलीतला आपला एका बेडरूमचा फ्लॅट. कॉम्प्युटर हॉलमध्ये, त्याच्या मागे चार पावलांवर तुमचा दिवाण. सकाळी पराग ऑफिसला गेला की दिवसभर आपण दोघंच.

आणि तुमचा आवाज गेलेला. शाळेत भूगोल शिकवताना तो शेवटच्या बाकापर्यंत जायचा, असं भेटायला आलेले तुमचे विद्यार्थी परवासुद्धा सांगत होते. गळ्याच्या ऑपरेशननंतर जी खरखरीत कुजबुज उरली, मी तुम्हाला जास्त करून त्याच आवाजात ओळखलं. ती ऐकायला खोली शांत लागायची. आपली खोली शांत नव्हती, म्हणून मी हेडफोन घेतले. कानावर घातले की पंखे गायब. त्यांच्याबरोबर तुम्हीही गायब व्हायचात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं लिहिणार होते. पण आलं होतं. पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

तुम्ही आधी खांद्यावर हात ठेवायचात. एकदा मी एका क्लायंटशी वाद घालून बसले होते आणि हात लागल्याबरोबर इतकी दचकले की कॉफी सांडली. मी म्हटलं, नाना, असं मागून येऊ नका हो. तुम्ही फडकं आणून कॉफी पुसलीत. त्या दिवसापासून तुम्ही दिवाणावरून उठून खिडकीच्या बाजूने वळसा घालून यायला लागलात आणि माझ्या नजरेसमोर उभं राहायला लागलात, मी वर बघेपर्यंत. कधी कधी मी तुम्हाला बघूनही हातातलं पूर्ण करायचे आणि मग हेडफोन काढायचे. तुमचं काम काय असायचं? पोस्टमन आला होता. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहिलं. समोरच्या बिल्डिंगवर घार बसलीये, बघायची आहे का.

मी तुम्हाला छोटी घंटा आणून देते म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, सगळी नोकरी घंटेवर उठण्या-बसण्यात गेली, आता घंटा नको.

कॉम्प्युटर पाण्याने गार करायचं डोकं तुमचंच. एके दिवशी तुम्ही वळसा घालून आलात आणि टॅब माझ्यापुढे धरलात. कोणीतरी परदेशी तरुण आपल्या कॉम्प्युटरमध्ये नळ्या जोडत होता. मला माहीत होतं ते, कामातले काही जण वापरतात. पण ज्या यंत्रावर घर चालतं त्याच्या आत पाणी सोडायला मी तयार नव्हते. तुम्ही शांतपणे समजावलंत, मी कॉम्प्युटर थांबवून ऐकलं. जिथे तापतं तिथे धातूची एक पोकळ चकती बसवायची, तिच्यातून पंपाने पाणी फिरवायचं. ते गरम पाणी रेडिएटरमध्ये न्यायचं, तिथे गार करून परत आणायचं. मोटारीच्या इंजिनात हेच असतं. रेडिएटर जितका मोठा, तितके त्याचे पंखे सावकाश फिरले तरी चालतात. सावकाश म्हणजे जवळजवळ बिनआवाज. शेवटचा शब्द तुम्ही दोनदा म्हणालात.

मग सुरू झाला आपला वाद. नाना, इतकी वर्षं एका घरात राहून आपण एवढं कधी बोललो नव्हतो. मला बाजारात तयार मिळतो तो बंद डबा हवा होता. चार स्क्रू लावले की झालं, गळायची भीती कमी. तुम्ही वाचून काढलंत की तो फक्त प्रोसेसर गार करतो, आणि आपल्याकडे ओरडतं ते चित्रं घडवणारं ग्राफिक्स कार्ड. त्याच्यासाठी सुटे भाग घेऊनच जोडणी करावी लागते. तुमचं बरोबर होतं, पण मी कबूल करायला दोन-तीन दिवस घेतले. मी स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर दाखवला, तर तुम्ही म्हणालात, चकती तांब्याची आहे, एका पाण्यात दोन धातू ठेवले की एक दुसऱ्याला खायला लागतो, तांब्याचाच घे. तुम्ही निवडलेला तांब्याचा माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावत नव्हता. आपण टेप लावून मोजलं, मग तुम्ही परत मोजलंत, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर कॅबिनेट वाढणार होतं. मग म्हणालात, बाहेर ठेवू, खिडकीपाशी, लांब नळ्या लावून. उष्णताही बाहेर जाईल. मी म्हटलं, कॉम्प्युटर काय दोरीवर वाळत घालायचाय? धूळ किती येते बघा. तुम्ही म्हणालात, धूळ मी पुसेन.

पाण्याला निळा रंग हवा होता तुम्हाला, नकाशात समुद्राला असतो तसा. रंगाने नळ्या तुंबतात असं मी म्हटलं, आणि तो हट्ट तुम्ही लगेच सोडलात. बाकी एकही नाही.

कल्याणची दुपार मात्र मी कोणालाही देणार नाही. माझ्या कार्डाला बसेल अशी चकती नवी कुठे मिळत नव्हती. कल्याणला एका तरुणाने आपली विकायला काढल्याचं मला कळलं. तो नोकरीसाठी परदेशी चालला होता. मी एकटी जाऊन आले असते. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसलात. रिक्षातून जाताना पत्रीपुलावर आपण अडकलो, आणि तुम्ही मला खाडी दाखवून उल्हास नदी कुठून येते, कुठे वळते, ठाण्याकडे कशी जाते, सगळं सांगितलंत. गाड्यांच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. मी मान हलवत राहिले.

त्याच्या घरी जोडणी अजून सुरू होती. तुम्ही म्हणालात, चालवून दाखवा. त्याने एक अवजड गेम लावला. नळ्यांतून पाणी फिरत होतं, पण तसं काही दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. मग तुम्ही उठलात आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसलात. तो आपल्याकडे पाठ करून स्क्रीनकडे बघत होता. तुम्ही तुमच्या त्या कुजबुजत्या आवाजात विचारलंत, "परदेशात आईला नेणार का हो?"

तो न वळता म्हणाला, "नाही काका, ती नाही म्हणते यायला."

तुम्ही माझ्याकडे बघून मान डोलावलीत. चकती घ्यायची, असा त्याचा अर्थ मी घेतला, आणि घेतलीही. तुम्ही यंत्राचा आवाज तपासताय, रात्री-दुपारी नीट झोप लागेल का हे बघताय, असंच मला वाटलं. दोन माणसं एका खोलीत असताना तुमचा आवाज एकाकडून दुसऱ्याकडे पोचतो का, हे तुम्ही तपासत होतात. ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी तुमच्यासमोरच तर उभी होते.

येताना तुम्ही तो डबा मांडीवर धरून बसला होतात, लहान मूल धरावं तसा.

त्यानंतर सगळं माझ्यामुळे थांबलं. चकती बसवायची तर कार्ड उघडायचं, त्याचे मूळ पंखे काढायचे. वॉरंटी गेली असती. बिघडलं तर काम बंद. आणि माजिवड्याच्या एका टॉवरचं माहितीपुस्तक माझ्या डोक्यावर बसलं होतं. मी म्हटलं, हे प्रोजेक्ट संपलं की करू. ते संपायच्या आत दुसरं आलं. तुम्ही आठवण करून द्यायचात, पण अशी की मला राग येऊ नये. पंप फोमच्या तुकड्यावर ठेवला की थरथर येत नाही म्हणे. जोडणी झाल्यावर आधी नुसता पंपच चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल ठेवायचा, ओला झाला तर कळतं. तुमच्याजवळ फोमचा तुकडा कापून तयार होता.

मग तो दिवस. काम बिनसलं होतं, क्लायंटने सगळे पडदे बदलायला सांगितले होते. तुम्ही वळसा घालून आलात आणि रेडिएटरची किंमत उतरल्याचं दाखवायला लागलात. मी हेडफोन पूर्ण काढलेसुद्धा नाहीत, एका कानावरून सरकवले. म्हटलं, "नाना, आवाजाने झोप होत नसेल तर दुपारी तुम्ही आत झोपत जा ना. बेडरूम रिकामीच असते."

तुम्ही टॅब बंद केलात. म्हणालात, "झोपेचा प्रश्न नाही गं."

मग कशाचा प्रश्न आहे, हे मी विचारलं नाही. मी हेडफोन परत सरकवले. तुम्ही दिवाणावर जाऊन बसलात, आत झोपायला गेला नाहीत. मला त्याचीही चीड आली होती, खरं सांगते. वाटलं, एवढा पर्याय दिला तरी माणूस हट्टाने इथेच.

त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरविषयी काही बोलला नाहीत. माझ्याशी नीट वागत होतात, नेहमीसारखे चहाचे दोन कप ओतत होतात. मी मनात म्हणत होते, एखाद्या रविवारी बसून टाकू, म्हणजे खूश होतील. रविवार आले आणि गेले.

ज्या सकाळी तुम्ही गेलात त्या सकाळी शेवटचं चित्र चालू होतं. पंखे सुटलेले. मी हेडफोन घातलेले. आणि नाना, त्यात काहीही लागलेलं नव्हतं. गाणं नाही, फोन नाही, काही नाही. नुसते कानांवर होते. भाताला किती तांदूळ घेऊ हे विचारायला मी वळले, तेव्हा तुम्ही दिवाणावर भिंतीला टेकून बसलेले होतात. चष्मा लावलेला होता. एक हात माझ्या दिशेने गादीवर होता. मी दोनदा हाक मारली आणि मग कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, क्षणाचं काम. शेजारी कोणी मोठा डॉक्टर बसलेला असता तरी काही करता आलं नसतं. मी त्यांना विचारलं, हाक मारता आली असती का त्यांना? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी परत विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परागला बोलावलं.

त्यानंतर घर माणसांनी भरलं, आणि मला कोणी काही बोललं नाही. हेडफोनचं मी सगळ्यांना सांगितलं, लपवण्यासारखं काय होतं. कोणी म्हणालं, अगं, तुझं कामच तसं आहे. कोणी म्हणालं, पुण्यवान, बसल्या जागी गेले. पराग मला जवळ घेऊन म्हणाला, तू घरात होतीस एवढंच बरं, एकटे नव्हते. त्याच्या वडिलांना जाऊन काही तास झाले होते आणि तोच मला धीर देत होता. मला वाटत होतं, कोणीतरी ओरडावं. एकाने तरी विचारावं, चार पावलांवर होतीस ना? मग?

तेराव्यासाठी शिल्पाताईंकडून मोठी भांडी आणली होती. रेडिएटर आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी ती परत द्यायला नौपाड्याला गेले. ताई दार उघडून बाजूला झाल्या. भांडी आत ठेवली, पाणी दिलं. तुमची मुलगी तुमच्यासारखीच, मनात असलेलं लगेच बाहेर येत नाही. मी उठायला लागले तेव्हा म्हणाल्या, बस.

तुम्ही त्यांना रोज दुपारी फोन करायचात, हे मला माहीत नव्हतं. गॅलरीत जाऊन, दार ओढून. मला वाटायचं, तुम्ही घारी बघताय. ताई म्हणाल्या, ते फोनवर तुझ्या कॉम्प्युटरचंच बोलायचे. कोणती नळी, कोणता पंप. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा मी कंटाळून विचारलं, नाना, तुम्हाला काय करायचंय त्या कॉम्प्युटरचं?

त्यावर तुमचं उत्तर ताईंनी जसंच्या तसं सांगितलं. म्हणाल्या, "ते म्हणाले, दिवसभर आम्ही दोघं एका खोलीत असतो. तो शांत झाला की बसल्या जागेवरून बोलता येईल मला तिच्याशी. तिच्यापुढे जाऊन उभं राहावं लागणार नाही."

  मग त्या म्हणाल्या, "मला तुझा राग आला होता, मुग्धा. अजून आहे. जाईल की नाही माहीत नाही."

नाना, मी रडले ते तिथे. तुम्ही गेल्यापासून मला कोणी एवढं बरं वाटेल असं बोललं नव्हतं. ताईंनी मला जवळ घेतलं नाही. उठून चहा केला, पोहे केले, समोर बसून खायला लावले, आणि निघताना पिशवीत आंब्याचं लोणचं घातलं. दारात म्हणाल्या, ते यंत्र आता अर्धवट ठेवू नकोस.

रविवारी पराग आणि मी बसलो. कार्ड मी उघडायला घेतलं, शेवटचे स्क्रू परागने काढले. तुमच्या फोमवर पंप ठेवला. रेडिएटर खिडकीपाशी लावला, तुम्ही म्हणाला होतात तसाच. पूर्ण दिवस नुसता पंप चालू ठेवला, सांध्यांखालचे कागदी रुमाल कोरडे राहिले. खिडकीची जागा काही बरोबर नाही, हे सांगायला हवं. धूळ मी म्हटलं होतं त्याहून जास्त येते, आणि कबुतरं ग्रिलवर बसून त्याच्याकडे संशयाने बघतात. तुम्ही असतात तर अजून महिनाभर आपला वाद चालला असता. धूळ मी पुसते.

आता कॉम्प्युटर शांत आहे. मोठं चित्र लावलं तरी घड्याळाची टिकटिक ऐकू येते, खालच्या जिन्यात कोण चढतंय ते कळतं. हेडफोन मी कामाच्या फोनपुरते घालते. शिल्पाताई मागच्या आठवड्यात दुपारी आल्या होत्या. दिवाणावर बसून पेपर वाचत होत्या, मधेच काहीतरी बोलायच्या, मी काम करत उत्तर द्यायचे. त्यांचा राग गेलेला नाही, पण त्या आल्या होत्या.

तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. कॉफी पुसलीत, पार्सलं आणलीत, एका म्हाताऱ्या भूगोलाच्या मास्तरने सुनेशी बोलता यावं म्हणून पंप आणि नळ्या शिकून घेतल्या. असं माझ्यासाठी दुसऱ्या कोणी काही शिकलेलं मला आठवत नाही. आणि मी तुम्हाला बेडरूम देऊ केली.

त्या सकाळी तुम्ही मला हाक मारलीत का, हे मला कधीच कळणार नाही. मारली नाहीत, वेळच मिळाला नाही, असं सगळे सांगतात, आणि तसं मानलं तर मला झोप लागेल. पण मग कधी कधी दुसरंच वाटतं, की वेळ होता, आणि ऐकणार नाही हे माहीत असल्यामुळे तुम्ही हाक मारलीच नाहीत. ते मला सहन होत नाही. म्हणून मी ठरवलंय, नाना, की तुम्ही मारलीत. मुग्धा म्हणालात, आणि मी ऐकलं नाही.